कासवाचं झाकण

दादानं कोट काढला नाही. आत्याच्या घरातला हीटर चांगला तापला होता, वहिनीनं कोट घ्यायला दोनदा हात पुढे केला, तरी तो अंगातच ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसला. कोटाच्या खिशात आत्याच्या गॅसच्या शेगडीची चार बटणं होती. महिन्यापूर्वी त्यानं ती स्वतःच्या हातानं काढली, आणि तेव्हापासून जिथं जाईल तिथं तो ती बरोबर वागवत होता. घरी कपाटात ठेवली तर वहिनी, म्हणजे त्याची बायको, गुपचूप नेऊन परत देईल असा त्याला संशय होता, आणि तो संशय अगदीच खोटा नव्हता.

झालं होतं एवढंच, की दूध उतू जाऊन भांडं जळलं. आत्या खिडकीत उन्हाला बसली होती, तिथंच तिचा डोळा लागला. धूर शेजारच्या चष्मेवाल्याला दिसला आणि त्यानं आत्याला हाक मारायच्या आधी दादाला फोन केला. दादा लिफ्ट तपासायच्या नोकरीत. जगात काहीही बिघडू शकतं आणि ते बिघडायच्या आधी आपण तिथं पोचलं पाहिजे, यावर त्याचं पोट आणि त्याचा स्वभाव, दोन्ही पोसलेली. त्यानं बटणं खिशात टाकली, दुसऱ्या दिवशी आत्याला विजेवर चालणारा स्लो कुकर आणून दिला आणि आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरची खोली तिच्यासाठी रिकामी करायला घेतली.

"विस्तव नाही, धूर नाही, काही नाही," तो म्हणाला होता. "आत टाकायचं आणि विसरून जायचं."

"विसरायची तर मला परवानगीच नाही ना आता," आत्या म्हणाली होती.

बारकीनं त्या कुकरचं नाव कासव ठेवलं. बारकी म्हणजे तिन्ही भावंडांत धाकटी. नाव लहानपणी पडलं ते पडलं. आता ती दादापेक्षा बोटभर उंच आणि दोघा भावांना एका हातानं बाजूला सारेल अशी होती. एका मोठ्या केशकर्तनालयाची ती मालकीण, त्यामुळे समोरच्याचं डोकं कसं वळवायचं हे तिला बरोबर ठाऊक.

आणि आजचा प्रश्न उघड होता. आत्यानं या दोन खोल्यांत एकटीनं राहायचं, की दादाच्या वरच्या मजल्यावर जायचं. अट आत्यानंच घातली होती. आई गेल्यावर या तिघांना तिनं वाढवलं, शहर बसचं स्टिअरिंग सांभाळून वाढवलं, आणि त्या काळात घरात कुणी आजारी पडलं, कुणी रुसलं, कुणी परीक्षेत आपटलं की ड्यूटीवरून येताना ती मंडईतली मार लागलेली फळं उचलून आणायची आणि दालचिनी-लवंग घालून शिजवायची. गरम फळं. तीच मी रविवारी करते, ती म्हणाली. तुमच्या त्या कासवात करते. जेवण सूनबाईनं आणावं, गोड माझं. फळं नीट झाली तर माझी बटणं मला परत. नाही झाली तर मी माझी बॅग भरते, तोंडातून चकार शब्द काढणार नाही.

दादानं हसत होकार दिला. होकार देताना त्याला आपण फार उदार आहोत असं वाटलं होतं.

"तू कोट का काढत नाहीस रे?" आता मधल्या भावानं विचारलं. हा रंगाच्या डब्यांचं दुकान चालवायचा, पण घरात सगळे त्याला वकील म्हणायचे, कारण तो कुठल्याही वादात कुठलीही बाजू घेऊ शकायचा आणि मध्येच ती बदलूही शकायचा. "इथून लगेच लिफ्ट तपासायला जायचंय?"

"थंडी वाजतेय."

"घाम पुसतोयस तू."

"वकील, गप," आत्या आतून म्हणाली. ती स्वयंपाकघरातून सूपचे वाडगे घेऊन आली. चाल जुनीच, पाय रोवून, जणू खालची जमीन केव्हाही वळण घेईल. "आणि एक सगळ्यांनी ऐकून ठेवा. कासवाचं झाकण कुणी उघडायचं नाही. मी सांगेन तेव्हाच. त्याची वाफ आतच राहिली पाहिजे. एकदा उघडलं की सगळं मागं जातं."

"आम्ही कशाला उघडू?" बारकी म्हणाली.

"तुमच्यापैकी प्रत्येकाला मी न्हाऊ-माखू घातलंय," आत्या म्हणाली. "म्हणून सांगतेय."

स्वयंपाकघराच्या दारावर एक पत्र्याची पाटी लावलेली होती. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या मेकॅनिकांनी तिच्या शेवटच्या बसमधून उपटून तिला भेट दिलेली. चालत्या गाडीत चालकाशी बोलू नये. या पाटीखालून ये-जा करत ही भावंडं मोठी झालेली नव्हती, पाटी नंतरची. पण आधी लावली असती तरी त्यांनी तिला जुमानलं नसतंच.

दादा सकाळी सगळ्यांच्या आधी आला होता. आत्या तेव्हा खालच्या दुकानात पाव आणायला गेली होती आणि वहिनी गाडीतून डबे काढत होती. तो नुसता स्वयंपाकघरात डोकावला. चालू यंत्राच्या शेजारून ते न तपासता पुढं जाणं त्याला जन्मात जमलेलं नव्हतं. त्यानं वायर बघितली, प्लग दाबून बघितला. मग झाकण उचललं, कारण आत पाणी आहे की नाही कोण जाणे. होतं. मग बटण बघितलं. ते 'जास्त'वर होतं. एवढं कशाला, त्याला वाटलं. म्हातारं माणूस घरात एकटं, भांडं नवं, फळं काय कुठं पळून जाताहेत. त्यानं बटण 'कमी'वर आणलं आणि हात पुसत बाहेर आला. वहिनी दारात डबे घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, तिच्या लक्षात काय आलं काय नाही ते त्याला कळलं नाही, आणि त्यानं ते कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

सूप झालं, पाव झाला, भाजलेल्या भाज्या झाल्या. जेवताना वादही रीतसर झाला.

"मुद्दा असा आहे," वकील म्हणाला, "की दूध कुणाचंही उतू जातं. माझ्या बायकोनं गेल्या आठवड्यात इस्त्री चालू ठेवली. तिला कुठं हलवायचं?"

"तू आजपर्यंत माझ्या बाजूनं होतास," दादा म्हणाला.

"मी आजही तुझ्या बाजूनं आहे. मी फक्त दुसरी बाजू मांडतोय."

"आत्याला विचारा ना कुणीतरी," बारकी म्हणाली. "ती समोर बसलीय. दादा, तू असं बोलतोस जसं काही आपण कपाट कुठं हलवायचं ते ठरवतोय."

"बारके, तुला काय, तू येतेस महिन्यातून एकदा, केस कापून देतेस आणि जातेस. फोन मला येतात."

"मग फोन उचलू नकोस. आत्याचा फोन नंबर चष्मेवाल्याला दे."

आत्या पाव मोडत होती. तिनं कुणालाच थांबवलं नाही. बसमध्येही ती प्रवाशांना भांडू द्यायची, फक्त आरशातून लक्ष ठेवायची.

वहिनी काही बोलत नव्हती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर लोकांना काय कधी घ्यायचं ते सांगायची, आणि घरी आल्यावर कुणाला काही सांगायचा तिला कंटाळा यायचा. लग्न होऊन आली तेव्हा या घरात सगळे एकाच वेळी बोलतात हे पाहून ती घाबरली होती. नंतर तिच्या ध्यानात आलं की इथं गप्प बसणाऱ्यालाच शेवटी विचारलं जातं.

जेवण चालू असताना एकेकाला एकेक कामानं स्वयंपाकघरात जावं लागलं. वकील पाण्याचा जग भरायला गेला. त्यानं कबूल केलं नसतं, पण दालचिनीच्या वासानं त्याला राहवत नव्हतं. झाकण उचलून त्यानं एक जर्दाळू बोटानं काढला, चटका बसला, तोंडात टाकला आणि झाकण लावलं. मग पुन्हा उचलून आणखी एक काढला. बारकी चमचे आणायला गेली. तिची भीती वेगळीच. आत्या साखर घालायला विसरली असेल तर? साखर नाही एवढ्यावरून दादा जिंकेल. तिनं चाखून पाहायचा विचार केला, तेवढ्यात बाहेरून दादाचा आवाज जवळ आला, म्हणून तिनं न चाखताच दोन मोठे चमचे साखर आत ओतली आणि झाकण दाबून बसवलं. आत्याच्या बाजूनं आपण केवढं मोठं काम केलं, या समाधानात ती बाहेर आली. वहिनी ताटल्या ठेवायला गेली. तिनं झाकणाला हात लावला नाही, फक्त वाफेनं धुरकटलेल्या काचेतून आत पाहिलं, आणि मग बटणाकडे पाहिलं. आत्यानं सकाळी फोनवर तिला सांगितलं होतं, जास्तवर लावलंय, जेवण होईपर्यंत होतंय बघ. बटण कमीवर होतं. वहिनीचा हात बटणाकडे गेला आणि मागं आला. या घरात आणखी एका माणसानं आत्याच्या पाठीमागे आणखी एक बटण फिरवायचं, हे तिला नको वाटलं. पण ती बाहेर येऊन काही बोललीही नाही, आणि ते तिला नंतर बराच वेळ टोचत राहिलं.

"चला," आत्या म्हणाली. "आता बघू."

ती कासव उचलून टेबलावरच घेऊन आली, जाड फडक्यांत धरून. सगळ्यांच्या समोर झाकण काढलं. वास तर असा आला की वकिलानं डोळेच मिटले. आत्यानं डाव घातला, खालून नासपतीची फोड वर काढली आणि चमच्यानं दाबली.

फोड दबली नाही. चमचा घसरून बशीवर आपटला.

तिनं दुसरी काढली. तीही टणक. वरची सफरचंदं जेमतेम मऊ झालेली, आलूबुखार नुसते गरम. बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. दादानं खिशात हात घातला आणि बटणांवरून बोटं फिरवली, जणू ती तिथंच आहेत याची त्याला खात्री करायची होती.

"अजून थोडा वेळ..." वकील म्हणाला.

"थांब," आत्या म्हणाली.

तिनं कासव फिरवून बटणाची बाजू आपल्याकडे केली. कमी.

सकाळ तिला स्वच्छ आठवत होती. कडक नासपती तळाशी, त्यावर सफरचंद, मग आलूबुखार आणि जर्दाळू, संत्र्याची साल, आल्याचा तुकडा, दालचिनी, लवंगा, वर चक्रफुलाची एक चांदणी. मग झाकण. मग बटण जास्तवर. हात फिरवल्याचं तिला आठवत होतं, तो टक् आवाजसुद्धा. पण दूध गॅसवर ठेवल्याचंही तिला तसंच आठवत होतं. आठवत नव्हतं ते फक्त उतरवल्याचं. आयुष्यात तिनं बसच्या आरशात एकदा पाहिलं की ते पाहिलेलंच असायचं, तिला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नव्हतं. आता ती त्या बटणाकडे पाहत होती आणि पहिल्यांदाच तिला कळेना, की आपला हात खरा की हे बटण खरं. तिला भीती वाटली. एकदा पावसात भरलेली बस तिच्या हातून घसरली होती, त्या दिवशीही तिला इतकी भीती वाटली नव्हती.

"मी जास्तवर लावलं होतं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "असं मला वाटतंय."

'असं मला वाटतंय' हे शब्द आत्याच्या तोंडून तिन्ही भावंडांनी कधी ऐकले नव्हते.

"असो," ती म्हणाली. खुर्ची मागं सारून उठली. "ठरलं ते ठरलं. बारके, ती वरच्या फळीवरची बॅग काढ. दादा, वरच्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे? सकाळचं ऊन येतं ना?"

दादा जिंकला होता. खोली तयार होती, पडदेसुद्धा लावले होते. येतं, असं एवढंच म्हणायचं होतं. त्यानं समोर पाहिलं तर वहिनी त्याच्याकडे पाहत होती. रागानं नव्हे. ती फक्त वाट पाहत होती, आणि ते त्याला रागापेक्षा जड गेलं.

"मी फिरवलं," दादा म्हणाला.

"काय?"

"बटण. सकाळी. तू पाव आणायला गेलीस तेव्हा. तू जास्तवरच लावलं होतंस. मला वाटलं एवढं कशाला." त्याचा आवाज खाली गेला. "झाकणही उघडलं होतं."

बारकीनं घसा खाकरला.

"मीपण उघडलं. साखर घातली. दोन चमचे."

"मी चाखूनच करते ना गं!" आत्या ओरडली. "साखर घालून चाखूनच झाकण लावलं होतं!"

"मला काय माहीत!"

सगळे वकिलाकडे वळले.

"मी कुणाचीही बाजू घेत नाही," वकील म्हणाला. त्यानं भाजलेलं बोट वर केलं. "जर्दाळू. तीन."

"दोन," वहिनी म्हणाली. तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारासमोरच होती.

"नंतर परत गेलो होतो."

बारकीला हसू फुटलं आणि तिनं ते तोंडावर हात ठेवून आत ढकललं, कारण आत्या हसत नव्हती. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि मग हळूहळू लाल झाला.

"दादा," ती म्हणाली, "भांडं जळलं ते माझ्या चुकीनं. मी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. तू बटणं काढलीस, मी काढू दिली. पण आत्ता, या टेबलाशी, मला वाटलं की माझं डोकं गेलं. कळतंय का तुला? एवढा वेळ, जेवढा वेळ मी त्या बटणाकडे बघत होते, तेवढा वेळ मला वाटलं की संपलं. आणि ते तू केलंस. माझ्या काळजीनं केलंस."

दादाचे डोळे भरले होते, आणि तपासणीसानं रडायचं नसतं असा कुठं नियम नसला तरी त्यानं तो आजवर पाळला होता.

"चुकलं माझं, आत्या," तो म्हणाला.

"चुकलंच."

"मला बोलायला हवं होतं," वहिनी म्हणाली. "बटण मी मघाशी पाहिलं होतं, आत्या. मी गप्प बसले."

"तू फिरवलं नाहीस ना?"

"नाही."

"मग या घरात तू एकटीच शहाणी." आत्यानं कासवावर झाकण ठेवलं, दोन्ही हातांनी दाबलं आणि बटण जास्तवर आणलं. टक्. आवाज सगळ्यांनी ऐकला. "ऐकलंत? साक्षीदार आहात सगळे. आता हे होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही आणि कुणी या दारातून आत यायचं नाही."

तिनं कासव परत ओट्यावर नेऊन ठेवलं, प्लग लावला, खुर्ची ओढली आणि पाटीखाली, स्वयंपाकघराच्या दारात बसली. हात मांडीवर, पाठ ताठ. असं बसलेलं तिला कितीतरी वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, पण तिच्या बसमध्ये कधी चढलेल्या कुणालाही ती लगेच ओळखू आली असती.

दुपार तशीच सरली. बारकीनं वहिनीचे केस कापून दिले, कारण हात स्वस्थ बसेनात. वकिलानं हीटरशेजारच्या भिंतीचा पोपडा खरवडून इथं कुठला रंग लागेल ते ठरवलं आणि दादानं तो चुकीचा आहे असं सांगितलं. दोघे बऱ्याच दिवसांनी एकाच गोष्टीवर इतका वेळ बोलत होते. कुणाला पाणी हवं असलं तर आत्या उठून आणून द्यायची. वकिलानं एकदा विचारलं, "झालं असेल का गं?" तेव्हा तिनं नुसतं बोट वर करून पाटी दाखवली.

खिडकीतून ऊन निघून गेलं आणि समोरच्या बेकरीचे दिवे लागले तेव्हा ती उठली.

नासपती चमचा टेकताच मोडली. रस दाट झाला होता, साल पारदर्शक. पहिला घास दादाला दिला, दुसरा वहिनीला. तिसरा तिनं स्वतः घेतला.

"गोड जास्त झालंय," आत्या म्हणाली.

"थोडंसंच," बारकी म्हणाली आणि वाटी पुढं केली.

दादानं कोट काढला. खिशातून चार बटणं काढली आणि आत्याच्या वाटीशेजारी ठेवली. आत्यानं ती त्याच्याकडे परत सारली.

"तू काढलीस. तूच बसव."

ती दोघं आत गेली. दादानं एकेक बटण शेगडीच्या दांड्यावर दाबून बसवलं, आत्या शेजारी उभी राहून बघत होती.

"एक ऐक," ती हळू आवाजात म्हणाली, बाहेरच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं. "एखाद्या दिवशी मी खरंच विसरेन. सगळेच विसरतात. तेव्हा मला येऊन तोंडावर सांगायचं. आत्या, तू विसरलीस, असं. मी ओरडेन. ओरडू दे. पण माझ्या मागं काही फिरवायचं नाही. म्हणजे तू सांगशील ते मला खरं मानता येईल."

"सांगेन," दादा म्हणाला.

शेवटचं बटण बसलं. आत्यानं ते दाबून फिरवलं, ज्योत निळी पेटली, तिनं ती बंद केली. ती दाराकडे वळली. मग थांबली, परत आली, वाकली आणि बटणाकडे पुन्हा एकदा पाहिलं. तिला दुसऱ्यांदा पाहताना दादानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"बंद आहे, आत्या," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, तोंडाकडे नीट पाहिलं, आणि मान डोलावली. बटणाला हात न लावता ती बाहेर गेली.